कोंडलेला हिवाळा

ऑड्री चार्ल्टन मळ्यावर पोचली की फाटकाशी थांबून आधी कान लावायची. खुराड्यातून बारीक कुरकुर ऐकू आली, चारजणींनी एकमेकींच्या कानाशी लागावं तशी, की रात्र बरी गेली म्हणायची. एकच कोंबडी ठणाणा करत असली तर कोल्हा कुंपणाशी येऊन गेलेला असायचा. आणि आवाजच नसला, तर ती धावत सुटायची. गुडघे धावण्याजोगे राहिले नव्हते, तरी.

इंग्लंडातल्या डरहॅमकडचं हॅगरली हे गाव कोळशाच्या खाणीसाठी वसलं होतं. खाण बुजली, तिच्यावर गवत आलं, पण खाणकामगारांना वाटून दिलेले भाजीचे पट्टे तेवढे राहिले. गावाच्या टोकापासून ओढ्यापर्यंत उतरत गेलेले, प्रत्येकाला एक. ऑड्रीचा पट्टा तिच्या बापाचा. बाप छातीच्या दुखण्याने लवकर गेला. तेव्हापासून ती तिथे बटाटे लावायची, कोबी लावायची, आणि बाकीचा वेळ शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना जेवण वाढायची. लग्न केलं नाही. का केलं नाही, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "विचारलं होतं एकाने. पण त्या दिवशी नेमकं शंभर पोरांचं पुडिंग लागलं होतं बुडाला."

आई शेवटच्या वर्षांत सगळं विसरत गेली. आधी किटली, मग रस्ते, मग लेक. ती गेली तेव्हा ऑड्री नोकरीतूनही मोकळी झाली होती, आणि सकाळी उठून कुणासाठी काय करायचं हेच तिला कळेना. दोन-तीन आठवडे ती आईची न्याहारी मांडायची आणि मग स्वतःच खाऊन टाकायची.

त्या वसंतात बेकरीच्या दारावर एक कागद लागला. जवळच्या एका अंड्यांच्या कारखान्यात जुन्या कोंबड्या काढून नव्या भरणार होते. ज्यांना जुन्या हव्यात त्यांनी खोकी घेऊन यावं, नाहीतर त्या कत्तलखान्यात जाणार. ऑड्रीने कागद दोनदा वाचला आणि शेजारच्या पट्ट्यावरच्या सिरिल हेस्लॉपकडे गेली. सिरिल खाणीतला जुना माणूस, आता कबुतरं पाळायचा, शर्यतीला सोडायचा आणि सप्टेंबरातल्या क्लबच्या प्रदर्शनासाठी मनगटाएवढे जाड लीक, कांद्याच्या जातीचे पांढरे दांडे, वाढवायचा. त्याच्याकडे गाडी होती.

"कोंबड्या?" सिरिल म्हणाला. "अगं, साठी उलटली तुझी."

"तुझी उलटून किती झाली ते मी मोजते का?"

"त्या अंडी घालून घालून चिपाडं झालेल्या असतात, पोरी. काय मिळणार तुला त्यांच्यापासून?"

"मला काही मिळवायचं नाहीये. गाडी आणतोस की नाही?"

गाडी आली. त्या दिवशी आणलेल्या कोंबड्या ऑड्रीने पट्ट्यावर खोक्यातून एकेक करून खाली ठेवल्या. पाठी उघड्या, कातडी लाल, तुरे पांढरेफटक आणि एका बाजूला कलंडलेले. नखं इतकी वाढलेली की पाय सरळ टेकेना. आणि त्या हलेचनात. जिथे ठेवल्या तिथेच उभ्या. एकीने गवतावर पाय ठेवला आणि पोळल्यासारखा उचलून घेतला.

सिरिलने टोपी काढली, पुन्हा घातली. "पहिल्यांदा खाली उतरून वर आलो ना खाणीतून," तो म्हणाला, "तेव्हा माझंही असंच झालेलं. उजेड टोचतो डोळ्यांत." मग थोड्या वेळाने, "आता काय, स्वेटर विणणार काय ह्यांच्यासाठी?"

तिने खरोखरच दोन विणले. कोंबड्यांनी ते अर्ध्या दिवसात फाडले आणि सिरिलला वर्षभर पुरेल एवढी चेष्टा मिळाली.

तिचा दिवस त्या कोंबड्यांनी भरला. सकाळी दार उघडायचं, रात्रीची विष्ठा खरवडून बादलीत भरायची, पाणी बदलायचं, दाणा भिजवायचा. मग एकेकीला काखेत धरून पोटाखाली हात घालायचा, छातीचं हाड किती वर आलंय ते चाचपायचं, पंखाखाली किडे झालेत का बघायचं. नवीन आलेल्यांना सांजावताना खुराड्यात कसं शिरायचं हेही ठाऊक नसायचं. त्या अंगणाच्या कोपऱ्यात एकीवर एक ढीग करून बसायच्या. ऑड्री त्यांना उचलून दांडीवर बसवायची, रोज, त्यांना समज येईपर्यंत. बादलीतली विष्ठा सिरिल न्यायचा. लीकच्या चरात तीच घालायचा, आणि बक्षीस मिळालं की श्रेय मात्र आपल्या पाण्याला द्यायचा.

कोंबड्यांची नावं तिने शाळेतल्या स्वयंपाकघरातल्या बायकांवरून ठेवली. मिसेस टर्नबुल म्हणजे थोरली स्वयंपाकीण, सगळ्यांना बाजूला सारत दाण्यावर येणारी. आयव्ही म्हणजे घाबरट, शेवटी जेवणारी. एक गेली की तिचं नाव पुढे दुसरीला मिळायचं. आणि त्या जायच्याच. अशा कोंबड्या फार दिवस काढत नाहीत. आतलं सगळं झिजलेलं असतं. दोन उन्हाळे मिळाले तरी पुष्कळ. ऑड्रीने पहिल्या पहिल्यांदा रडून घेतलं, मग रडणं कमी झालं, पण मेलेल्या कोंबडीला हातात घेऊन थोडं बसायची सवय काही गेली नाही.

अशी पाच-सहा वर्षं गेली. मग ज्या साली समुद्रकाठचे पक्षी शेकड्यांनी मरून पडले, त्या साली नोव्हेंबरात हुकूम आला. पक्ष्यांचा ताप, बर्ड फ्लू, पसरतोय. देशभरात कुणीही कोंबडी, बदक, काहीही बाहेर सोडायचं नाही. रानपक्ष्यांचा स्पर्श होणार नाही अशा छपराखाली, जाळीआड ठेवायचं. किती दिवस, ते लिहिलेलं नव्हतं.

सिरिल आणि ऑड्रीने दोन दिवस खपून खुराड्याला जोडून एक बंदिस्त जागा उभी केली. चिमणीचं पिल्लू शिरणार नाही इतकी बारीक जाळी, वर प्लॅस्टिकचे पन्हाळी पत्रे, दाराशी जंतुनाशकाचं पसरट भांडं. बूट त्यात बुडवूनच आत जायचं.

"किल्ला झाला हा," सिरिल हात झटकत म्हणाला.

ऑड्रीचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. ती कोंबड्यांकडे बघत होती. त्या वर्षीची आयव्ही सप्टेंबरात आली होती. आताशा कुठे ती मातीत खड्डा करून, पंख पसरून, डोळे मिटून धूळ अंगावर घ्यायला शिकली होती. आता ती जाळीला लागून उभी होती आणि पलीकडच्या त्याच खड्ड्याकडे बघत होती. मिसेस टर्नबुल जाळीच्या कडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होती, वळत होती, पुन्हा चालत होती.

"सवय होईल त्यांना," सिरिल म्हणाला.

"पिंजऱ्याची सवय होतीच त्यांना," ऑड्री म्हणाली. "ती मीच मोडली."

संध्याकाळी तिने दाराची कडी लावली, वर कुलूप घातलं, आणि किल्ली फिरवताना तिचा हात थांबला. हा आवाज तिच्या ओळखीचा होता.

आईचं डोकं जायला लागलं तेव्हा ऑड्री अजून नोकरीत होती. दोनदा आई रात्रीच्या कपड्यांत रस्त्यावर सापडली, एकदा तर थेट रुळांपाशी. सांभाळायला कुणी नव्हतं. मग ऑड्री सकाळी कामावर जाताना बाहेरून कुलूप लावायला लागली. दुपारची वाढणी झाली की परत यायची. आईला पहिले काही आठवडे कळायचं. ती दारावर थापा मारायची. "ऑड्री, दार उघड. मी काय केलंय गं?" रस्त्याच्या वळणापर्यंत ते ऐकू यायचं. मग मात्र आई थापा मारायची थांबली. डॉक्टर म्हणाले, शेजारी म्हणाले, तू केलंस तेच बरोबर. तिलाही ते बरोबरच वाटत होतं. त्या वळणावरून मात्र ती त्यानंतर कधी गेली नाही, लांबच्या रस्त्याने जायची.

डिसेंबरात कोंबड्या एकमेकींना टोचायला लागल्या. जागा कमी, करायला काही नाही. आयव्हीच्या शेपटीपाशी रक्त आलं, आणि रक्त दिसलं की बाकीच्या आणखी टोचतात. ऑड्रीने तिला वेगळं काढलं, जखमेला औषध लावलं. पट्ट्यावरचे कोबी उपटून दोरीने छताला टांगले, म्हणजे उड्या मारून खायला लागतील. पेंढ्याच्या गासड्या फोडून त्यात दाणे विखुरले. सिरिलने आपल्या शेकोटीची चाळलेली राख एका टोपलीत आणून दिली, धूळ म्हणून. आणि एवढं करूनही भागेना तेव्हा तिने एक पालथं खोकं आत नेलं, दार आतून लावून घेतलं, आणि तिथे बसायला लागली. न्याहारीनंतर जी बसायची ती अंधार पडेपर्यंत. कोट, टोपी, हातमोजे. कोंबड्या तिच्या बुटांच्या नाड्या ओढायच्या, मांडीवर चढायच्या. टोचाटोची कमी झाली.

सिरिल जाळीबाहेरून चहाचा थर्मास दाखवायचा. "भेटायची वेळ झाली. कैद्याला काही हवंय?"

"बिस्किटं आणलीस का?"

"आत द्यायला मनाई आहे. नियम वाच."

पण एकदा, बर्फ पडत असताना, तो चेष्टा न करता उभा राहिला. "ऑड्री, न्युमोनिया होईल तुला. तू का बसतेस आत?"

"त्यांना बाहेर काढता येत नाही," ती म्हणाली. "मग निदान आत एकट्या तरी नकोत."

सगळ्यात खालच्या, ओढ्याला लागून असलेल्या पट्ट्यावर केनी मिलबर्न होता. पन्नाशीचा, गोदामात रात्रपाळी करणारा, बायको सोडून गेल्यापासून कुणाशी फारसं न बोलणारा. त्याच्याकडे बदकं होती. अंडी आणून स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली त्याने ती स्वतः उबवली होती, आणि पिल्लं अंड्यातून निघाल्याबरोबर त्यालाच बघितल्यामुळे ती त्याच्या मागे रांगेने चालत यायची. मळ्यावर सगळे त्याला चिडवायचे, "केनी, तुझी पोरं आली का शाळेतून?" तेवढ्यापुरता तो हसायचा.

जानेवारीत एका धुक्याच्या पहाटे वरचा नळ गोठला म्हणून ऑड्री बादली घेऊन खालच्या नळाकडे निघाली. ओढ्याकडून तिला पाण्यात पंख झटकल्याचा आवाज आला. ती आहे तिथेच थांबली, कुंपणाच्या अलीकडे. केनीची बदकं ओढ्यात होती. डोकी बुडवत होती, शेपट्या हलवत होती, पाणी उडवत होती. केनी काठावर खिशात हात घालून उभा होता.

"केनी."

तो दचकला. मग त्याने मान खाली घातली. "तासभर फक्त. दिवस उजाडायच्या आधी काढतो, लगेच आत घेतो."

"अरे, वर रानहंस आलेत धरणावर. दोन मेलेले सापडलेत. तुला माहीत नाही का?"

"माहीत आहे."

"मग?"

"त्यांना पाणी ऐकू येतं, ऑड्री," केनी म्हणाला. "छपरात कोंडलं तरी ओढा ऐकू येतो त्यांना. दिवसभर ओरडतात. मी घरी गेलो तरी माझ्या कानात ओरडतात. तुझ्या कोंबड्या ओरडत नाहीत?"

ऑड्रीच्या हातातली बादली जड नव्हती, रिकामीच होती, तरी तिने ती खाली ठेवली. "आत घे त्यांना," ती म्हणाली. "केनी, माझं ऐक. आत्ता आत घे, आणि पुन्हा सोडू नकोस."

त्याने तिच्यादेखत आत घेतली. पण पुढे सोडली नसतील असं काही तिला वाटलं नाही. घरी जाऊन तिने मळ्याच्या समितीला फोन करायला हात पुढे केला आणि मागे घेतला. दुसऱ्या दिवशीही केला नाही. केनीकडे मात्र ती पुन्हा एकदा गेली आणि तेच बोलली, या वेळी जरा जोरात. तो हो म्हणाला.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला केनीचं एक बदक मान वाकडी करून गोल गोल फिरायला लागलं. दुसऱ्याचे डोळे निळसर झाले. केनीने स्वतःच सरकारी पशुवैद्यांना फोन केला. कुणी सांगायची वाट बघितली नाही.

पांढऱ्या पोशाखातली माणसं आली. मळ्याचं फाटक बंद झालं, बाहेर पाटी लागली. ज्यांच्याकडे पक्षी होते तेवढ्यांनाच बूट बुडवून आत जायची मुभा. केनीची बदकं त्याच्या छपरातच मारली गेली, आजारी आणि धडधाकट, सगळी. केनी फाटकाबाहेर उभा होता. त्याला बघू दिलं नाही. आपल्या खुराड्याशी उभ्या असलेल्या ऑड्रीला थोडा वेळ बदकांचं ओरडणं ऐकू आलं. मग आवाज थांबला.

त्यांच्यातल्या पशुवैद्य डॉक्टरीणबाई ऑड्रीच्या खुराड्याशी आल्या. तरुण होत्या, डोळे थकलेले. जाळी हलवून पाहिली, छत पाहिलं, पाणी कुठून आणता ते विचारलं.

"वरच्या नळावरून. एकदा गोठला तेव्हा खालच्या नळाला निघाले होते, पण नेलं नाही."

"बाई, तुमचा पट्टा वेगळा आहे, बंदोबस्त चांगला आहे. आज मी ह्यांना हात लावत नाही. पण रोज सकाळी बघा. एक जरी सुस्त दिसली, एक जरी मेली, तर लगेच कळवायचं. मग मला कदाचित सगळ्या न्याव्या लागतील."

"कळवीन," ऑड्री म्हणाली.

त्यानंतर सकाळी खुराड्याचं दार उघडणं हेच मोठं काम होऊन बसलं. आणि तिसऱ्या आठवड्यात मिसेस टर्नबुल दांडीवरून उतरली नाही. शेपूट खाली, डोळे अर्धे मिटलेले. दुपारपर्यंत ती ऑड्रीच्या मांडीवर मेली. ऑड्रीला आतून ठाऊक होतं की हे नेहमीचंच, अंडं आतच फुटून पोटात विष झालंय. असं तिने कितीतरी जणींचं पाहिलं होतं. मुकाट्याने पुरून टाकली असती तर कुणाला कळलं नसतं. तिने फोन केला. नमुने घेऊन गेले. तीन दिवस ती बाकीच्यांकडे बघत बसली आणि त्या तिच्याकडे. आयव्हीच्या शेपटीची पिसं नुकती परत आली होती. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. ताप नव्हता.

ऑड्रीने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच, आवाज न करता, पुष्कळ वेळ रडली.

मळ्याची बैठक क्लबात भरली. केनीला पट्ट्यावरून काढायचं की नाही, एवढाच विषय. केनी आला नव्हता. सगळ्यांत तापला होता तो सिरिल. आजूबाजूच्या कित्येक मैलांवर निर्बंध आले होते, त्याची कबुतरं वर्षभर शर्यतीला जाणार नव्हती, आणि त्याचं वय एकोणऐंशी होतं. त्याला आणखी किती वर्षं मिळणार होती?

"आपण सगळ्यांनी जाळ्या ठोकल्या," सिरिल टेबलावर हात आपटत म्हणाला. "ही बाई बर्फात कोंबड्यांबरोबर बसली. आणि तो? त्याला वाटलं, आपली बदकं पोहू देत. हिच्या कोंबड्या जाता जाता वाचल्या. त्याला हाकला. मी तर म्हणतो आजच."

माना हलल्या. ऑड्री मागच्या बाकावर बसली होती. तिला चारचौघांत बोलायची सवय नव्हती. शाळेत ती फक्त "पुढे सरका रे" एवढंच ओरडायची. ती उठली.

"मी पाहिलं होतं त्याला," ती म्हणाली. "जानेवारीत. बदकं ओढ्यात असताना. मी त्याला दोनदा सांगितलं, पण तुम्हाला सांगितलं नाही. त्याला काढणार असाल तर मला पण काढायला हवं."

सिरिल वळून तिच्याकडे बघायला लागला.

"त्याने चूक केली," ती पुढे म्हणाली. "मोठी चूक. पण फोनही त्यानेच केला. लपवलं असतं तर माझ्या गेल्याच असत्या." मग काय बोलायचं ते न सुचून ती खाली बसली.

मतं घेतली. केनीचा पट्टा राहिला, पण त्याने पुन्हा कुठलाही पक्षी पाळायचा नाही असं ठरलं. ऑड्रीला कुणी काढलं नाही. सिरिल मात्र तिच्याकडे न बघता कोट घालून बाहेर पडला, आणि दुसऱ्या दिवसापासून विष्ठेची बादली न्यायला आला नाही. बादल्या भरत गेल्या. शेजारी शेजारी पट्टे, मध्ये कमरेएवढं कुंपण, आणि दोघं सबंध महिना एकमेकांना पाठ दाखवून कुदळी मारत राहिली.

केनी मळ्यावर आलाच नाही. मार्चात सगळ्यांनी जमिनी उकरल्या तेव्हा त्याच्या पट्ट्यावर काटेरी झुडपं पसरली होती. एका रविवारी ऑड्रीने अर्धा डझन अंडी रुमालात बांधली आणि त्याच्या दारावर गेली.

केनीने दार अर्धंच उघडलं. दाढी वाढलेली. "अंडी नकोत मला," तो म्हणाला.

"मग मी घरी नेते. पण आधी चहा दे."

त्याने चहा केला. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तो उबवणीचा दिवा अजून तसाच होता. दोघं टेबलाशी बसली.

"सिरिल बैठकीत काय बोलला ते ऐकलं. बरोबरच बोलला," केनी म्हणाला. "मी मारली त्यांना. कोंडून ठेवली असती तर आज असती."

"असती," ऑड्री म्हणाली. ती खोटं बोलायला आली नव्हती.

केनी कपाकडे बघत राहिला.

"माझ्या आईला मी कोंडायची," ती म्हणाली. "कामावर जाताना. बाहेरून कुलूप. ती दार बडवायची, 'मी काय केलंय' म्हणून विचारायची, आणि मी चालत जायची. ती गाडीखाली आली नाही, थंडीत गारठून मेली नाही. आपल्या बिछान्यात गेली. सगळे म्हणतात, ऑड्रीने किती केलं. पण केनी, तिने दार बडवणं सोडलं ना, त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं. ते मी कुणाला सांगितलेलं नाही."

केनीने मान वर केली.

"तू उघडलंस आणि बदकं मेली. मी नाही उघडलं," ती म्हणाली. "तुझ्याजागी मी असते तर काय केलं असतं, ते मला अजूनही सांगता येत नाही. म्हणून समितीला फोन केला नाही मी. ते बरोबर होतं असं नाही."

केनीने कप बाजूला सारला. मग केनी म्हणाला, "त्यांना मारलं तेव्हा तू मळ्यावर होतीस."

"होते."

"फार ओरडली का?"

ऑड्रीने थोडा विचार केला. "थोडा वेळ. मग नाही," ती म्हणाली. केनी रडला. ती तिथेच बसून राहिली, चहा गार होईपर्यंत.

पुढच्या आठवड्यात तो पट्ट्यावर आला आणि काटे तोडायला लागला. कुणी त्याच्याशी बोललं नाही, कुणी वाईटही बोललं नाही. बदकांचं छप्पर त्याने स्वतः पाडलं आणि तिथे घेवडा लावला.

एप्रिलात हुकूम उठला. ऑड्रीने जाळीचं दार उघडलं आणि बाजूला झाली. कोंबड्या लगेच बाहेर आल्या नाहीत. उंबऱ्याशी गर्दी करून उभ्या राहिल्या, माना पुढे काढून. ऑड्रीने हाक मारली नाही, दाणाही टाकला नाही. सगळ्यांत आधी आली ती आयव्ही. दोन पावलं, मग थांबली, मग सरळ जुन्या खड्ड्याकडे गेली, आणि तिथे पावसाचं पाणी साचलेलं बघून वैतागल्यासारखी कलकलली.

"ड्रेनेज नीट नाही तुझं," कुंपणापलीकडून आवाज आला. सिरिल ढकलगाडी घेऊन उभा होता. "आणि त्या बादल्या काय अंगणाची शोभा म्हणून ठेवल्यास? माझे लीक उपाशी आहेत."

"तोंड आहे ना तुला, मागायचं होतंस," ऑड्री म्हणाली. आणि तिने फाटकाची कडी काढली.

सिरिलने बादल्या गाडीत ओतल्या. जाताना खालच्या पट्ट्याकडे, घेवड्याच्या काठ्या रोवणाऱ्या केनीकडे, त्याने बराच वेळ पाहिलं. "काठ्या फार बारीक घेतल्यात त्याने," तो पुटपुटला. दुसऱ्या दिवशी केनीच्या फाटकाला जाड काठ्यांची मोळी टेकवलेली होती. कुणी ठेवली, ते कुणी विचारलं नाही.

सिरिल दोन वर्षांनी गेला. त्याची कबुतरं त्याच्या पुतण्याने नेली. आयव्ही त्याच्या आधीच गेली होती, तिसऱ्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला, धुळीत पंख पसरून पडलेली असताना. त्यानंतरच्या एका हिवाळ्यात पुन्हा ताप आला आणि पुन्हा हुकूम निघाला. ऑड्रीचे गुडघे तेव्हा शिडीवर चढण्यापलीकडे गेले होते. ती पत्र्यांकडे बघत उभी होती तेव्हा केनी हातोडी आणि खिळ्यांचा डबा घेऊन आला. शिडीवर चढला, आणि अंधार पडेपर्यंत एकेक फट तपासून जाळी ठोकत राहिला.

"पुरे रे," ऑड्री खालून म्हणाली. "घट्ट बसली."

"अजून एक खिळा," केनी म्हणाला.